गोजरबाईची साक्ष

"आत्याबाई, आज साक्ष नका देऊ," मिना सासूच्या कानाशी लागून म्हणाली.

गोजरबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सेनगावजवळच्या तांड्यावरून दोन जीपा बदलून ती जवळा बाजारला आली होती, आणि तीही शुक्रवारचा उपास धरून. उपास पोरासाठी होता. एकुलता एक रणजीत दारूच्या पायी घर सोडून गेला, त्याला आता दोन वर्षं होत आली. त्यानं देवाकडं वळावं आणि मग घराकडं वळावं, एवढंच तिचं मागणं होतं. तो गेल्यावर सूनही इथं भावाकडं राहायला आली. परवा तिनंच फोन केला होता. आमच्या चर्चच्या मंडळीत कीर्तन हाय, कीर्तनकार नवा हाय, याच.

कीर्तन म्हटलं की गोजरबाईला तहानभूक नसे. नुसतं वाचून दाखवलेलं वचन तिच्या या कानातून त्या कानात जाई. तेच झांजेच्या तालावर गाऊन सांगितलं की थेट काळजात उतरे.

पत्र्याच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. पुढं पेटी आणि ढोलकी. कीर्तनकार मागच्या खोलीत फेटा बांधतोय, असं कुणीतरी म्हणालं. मधे नुसता पडदा. नेमसिंग पास्टरांनी प्रार्थना केली आणि विचारलं, कीर्तनाआधी कुणाला आपल्या जगण्याची साक्ष मंडळीसमोर द्यायची आहे का?

मिनानं सासूचा पदर धरला. गोजरबाईनं तो सोडवून घेतला.

"तुला लाज वाटत आसंल, तर तू खाली बघ. देवासमोर काय झाकायचं?"

ती उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. साक्ष देताना देव पुढ्यात येऊन बसल्यासारखा तिला वाटायचा. इतर वेळी कितीही गुडघे टेकले तरी तो एवढा जवळ येत नसे. तांड्यावर ती दर शुक्रवारी साक्ष द्यायची आणि बाया डोळ्याला पदर लावायच्या. पहिल्यांदा दिली, तेव्हा रणजीतही भेटीला आलेल्या सासरच्या माणसांत मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. सैतानानं नेला, असं ती सगळ्यांना सांगायची.

आजही तिनं काही मागं ठेवलं नाही. रणजीतनं मायच्या अंगावरची चांदी गुत्त्यावर कशी ठेवली, बापाच्या मयतीला आलेल्या पाहुण्यांसमोर तो कसा ओकला, भरल्या पोटाच्या बायकोवर त्यानं लाकूड कसं उगारलं, सगळं सांगितलं. सांगून सांगून ते घोटीव झालं होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज कापायचा, हे आता तिला ठरवावं लागत नव्हतं.

"माझं लेकरू कुठं गटारीत कुत्र्यावाणी पडून आसंल," ती शेवटी म्हणाली. "प्रभू, त्याला उचल, न्हाईतर मला उचल."

आमेन आलं नाही.

तिनं डोळे उघडले. कुणी रडत नव्हतं. बाया सतरंजीकडं बघत होत्या. मिना जागेवर नव्हती. नेमसिंग पास्टर पडद्याआड गेले होते. पेटीवाला त्या पडद्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं पेटीचा भाता मिटला.

कोरडी मंडळी हाय, गोजरबाईच्या मनात आलं. दुसऱ्याच्या लेकरासाठी डोळ्यात टिपूस न्हाई. ती खाली बसली. पोटात आग पडली होती, पण जीव कसा हलका, धुतल्यासारखा झाला होता. देव अजून जवळच होता.

पास्टर एकटेच बाहेर आले.

"लावा की आता कीर्तन," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी तर आले मी. उपाशी हाय."

"कीर्तन न्हाई व्हायचं, माय. कीर्तनकार मागच्या दारानं निघून गेला. मिना गेली त्याच्या मागं."

"मिना? ती काहून?"

पास्टर तिच्यासमोर सतरंजीवर बसले.

"दीड वरीस झालं, थेंब न्हाई घेतला त्यानं," ते म्हणाले. "पयलं कीर्तन मायसमोरच करीन म्हणून अडून बसला होता तुमचा रणजीत."