पाचांपैकी दोन

"मघाशी पाच शब्द सांगितले होते, दादा. आठवतील तेवढे म्हणा."

मुख्यमंत्रिपदाचे उमेदवार रुक्मांगददादा स्मृतिचाचणीत दोनच शब्द सांगून अडले. बाहेर पक्षाचा सरचिटणीस खोळंबला होता. "ठणठणीत आहेत, एवढंच लिहा," असं त्यानं डॉक्टरीणबाईंना आधीच बजावलं होतं.

बाईंनी अहवाल दादांच्याच हाती दिला. "खोटं लिहिणार नाही. पण यातलं अक्षरही माझ्याकडून कुणाला कळणार नाही."

दादा अहवाल घेऊन उठले. "पोरी, कीर्तनात बुवा अडले की टाळकरी ओळ उचलून त्यांची लाज राखतात, तशी तू माझी राखलीस. पण आख्खं कीर्तन टाळकऱ्यांनीच करायचं, तर बुवांनी उभं कशाला राहायचं?"

दार उघडून त्यांनी अहवाल सरचिटणिसाला दिला. "दुसरा उमेदवार बघा. माझी स्मृती दगा देतेय. हे माझ्याच तोंडून सांगायला मिळालं, ही पांडुरंगाची कृपा."