प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न

सरकारी पाहणीत आता माणसांऐवजी त्यांची संगणकातली प्रतिरूपं उत्तरं देत. गटार साफ करताना गुदमरून गेलेल्या अंकुशचं प्रतिरूप पुसायला पाहणी खात्यातली मृणाल टॅब घेऊन घरी आली, तेव्हा त्याची आई कौसाबाई म्हणाली, "मॅडम, पुसायच्या आधी एकदा विचारा ना, जेवला का म्हणून."

"मावशी, प्रश्नावलीबाहेरचं काही विचारता येत नाही हो."

तरी मृणाल प्रश्न चाळत राहिली. चौदाव्यावर थांबून तिने मोठ्याने वाचलं, "आज दोन्ही वेळचं जेवण झालं का?"

टॅबमधून अंकुशचा आवाज आला, "नाही. कामावरून घरी गेलो की जेवीन. आई थांबलेली असते."

आठ महिन्यांत पहिल्यांदा कौसाबाईने फळीवरून दोन ताटं काढली.