काय घोडं मारलं?

सुपारी घेऊन माणसं ठोकणाऱ्या हातोड्याची कामाची एक रीत होती. भरदिवसा जायचं, दार सताड उघडं ठेवायचं, कोणी पाठवलंय ते आधी ओरडून सांगायचं आणि मगच हात उचलायचा. त्याशिवाय गल्लीला धडा मिळत नाही, असं त्याचं म्हणणं.

बाइंडर पुठ्ठ्याला खळ लावत बसला होता. दगडखाणीत सुरुंग उडाला की पलीकडच्या वस्तीवर दगड पडायचे. तीन माणसं मेली, म्हणून या गड्याने खाणमालकाविरुद्ध कोर्टात याचिका ठोकली होती. हातोड्याने खाणमालकाचं नाव गल्लीभर ऐकवलं आणि बाइंडरचं तोंड टेबलावर आपटलं.

"तुझं घर आहे त्या वस्तीत?"

"नाही."

"मेलेल्यांत कोणी भाऊ, काका, मामा?"

"कोणी नाही."

"मग कशाला नसती उठाठेव?" हातोड्याने त्याचा उजवा हात पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसमध्ये घातला आणि चाक फिरवलं. हाडं मोडली. किंकाळी ऐकून आजूबाजूचे दुकानदार दारात गोळा झाले. हातोड्याला बरं वाटलं. "खाणमालकांनी तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

बाइंडर रक्त थुंकला आणि चक्क हसला.

"काल कोर्टात त्यांच्या वकिलांनी हेच विचारलं. मला काही सांगता येईना. न्यायाधीश म्हणाले, सोमवारपर्यंत उत्तर आणा, नाहीतर याचिका फेटाळतो." त्याने दारातल्या गर्दीकडे पाहिलं. "दार उघडं ठेवलंस ते बरं केलंस."