शेपटीवरची खाच

आठ दिवस अन्नाला न शिवलेला म्हातारा मच्छीमार काल म्हणाला, “शेवंड असेल तर दोन घास खाईन.” आज मुलीने कोळंबीसारखी कवचाची, पण वीतभर लांब शेवंड उकडून पुढ्यात ठेवली. डोळे गेलेले, म्हणून तो बोटांनी चाचपत सोलू लागला आणि शेपटीशी थबकला. तिथे खाच होती. पोटाशी अंडी असलेली मादी सापडली की तो शेपटीला खाच पाडून तिला समुद्रात सोडायचा. खाचवाली कधी धरायची नाही, हे मुलीलाही त्यानेच शिकवलं होतं. “खाच दिसली नाही तुला?” “दिसली, बाबा.” “मग?” “मोठ्या जहाजांनी जाळी ओढून तळाचा चिखल खरवडून नेलाय. शेवंडांची बिळंच उरली नाहीत. सगळा समुद्र पालथा घातला, ही एकटीच सापडली.” त्याने शेपटी उलटी केली. बोटांना उकडलेल्या अंड्यांचे बारीक दाणे लागले. “खा ना, बाबा,” मुलगी म्हणाली, “निवतंय.”