पुडीचा कागद

निजामशाही जाऊन सहा वर्षं झाली होती. सोनपेठकडच्या त्या खेड्यात मास्तरांची कॉलेज शिकलेली बायको वत्सला स्वतःचं तान्हं कडेवर घेऊन वावरायची, पण दारात येईल त्या लेकराच्या कपाळालाही आधी हात लावून बघायची. मेंढरं राखणाऱ्या भिवराबाईचं पोर आज तव्यासारखं तापलं होतं.

"भिवराबाई, अहो, ह्याला औषध दिलंत का?"

"दोन दिस दिलं की, मास्तरीणबाई. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर एका पुडीला एक कोंबडी घ्यायलाय. खुराड्यात आता पीस बी न्हाई राहिलं, तिसरी पुडी कशी आणू? पर मानूस लय दिलदार! पुडी बांधायला बी नवाकोरा छापील कागद वापरायलाय."

तिनं पदराची गाठ सोडून चुरगळलेला कागद काढला आणि पोराच्या नाकाशी धरला. "औषधाचा वास हाय अजून. तेवढाच हुंगवायलेय."

वत्सलानं कागद मागून घेतला, उलगडला आणि वाचू लागली.



'बारा वर्षांखालील मुलांना सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळेल. कंपाउंडरने हे पत्रक घरोघरी पोचवावे.'