सील फोडलेली चार खोकी

मुलांच्या हाती दुसऱ्याचे उष्टे ठेवू नये, हा साधा धर्म आहे. आणि तो मोडणाऱ्यावर कोणी संतापले, तर त्या संतापाला अधर्म म्हणता येत नाही. गहिनीनाथांच्या दुकानातील फळीवर संगणकात खोचायचे वायफायचे चार डोंगल आपटताना निकिताबाईंचा संताप याच जातीचा होता.

"एकही चालत नाही, मामा! परत करायची ही माझी दुसरी खेप आहे."

घोडेगावच्या बाजारतळासमोर गहिनीनाथांचे मोबाईल-संगणक दुरुस्तीचे छोटेसे दुकान होते. त्याआधी वीस वर्षे त्यांनी याच बाजारात बैलांची दलाली केली होती. निकिताबाई नगर शहरातून बदलून आलेल्या शिक्षिका. शाळेला मिळालेले चारही संगणक कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले. कळफलकावरची अक्षरेसुद्धा झिजून गेलेली. बाईंनी त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवली आणि ते जिवंत केले. घोडे अडले ते वायफायपाशी. खोक्यावर नाव तेच राहते, पण कंपनी आतली चिप मुकाट्याने बदलते. एक चिप लिनक्सला ओळखू येते, दुसरी येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी बाईंनी हव्या त्या चिपचे नाव कागदावर लिहून दिले, लिनक्स कसे असते ते दाखवायला नेलेला पेनड्राइव्हही दुकानात ठेवला. तो अद्याप परत आला नव्हता.

उद्या तालुक्याहून साहेब येणार होते. संगणकांना इंटरनेट जोडलेले दिसले नाही, तर ते उचलून दुसऱ्या शाळेला द्यायचे, असे पत्रच आले होते.

गहिनीनाथांनी फळीखालून चार खोकी काढली. "ही न्या, बाई."

चारही खोक्यांचे सील फोडलेले होते.

"पुन्हा तीच वापरलेली?" बाईंचा आवाज चढला. "गेल्या खेपेलाही हीच पुढे केली होतीत! संगणक टाकून दिलेले, बाके टाकून दिलेली, आता डोंगलही कोणाचे तरी उतरलेले! माझ्या मुलांनी नवे काही उघडूच नये का?"

"वापरल्याली न्हाईत, बाई. नुसती उघडून..."

"उघडून काय करतात, ते मला कळते!"

दुरुस्तीला मोबाईल घेऊन आलेला कानिफनाथ बाकावर बसल्या बसल्या हसला. "बाई, मामांची बाजारातली खोड हाय ती. बैल आसू न्हाईतर खोकं, जबडा उघडल्याबिगर त्यांचा हात ऱ्हात न्हाई."

"गप रं, कान्ह्या," गहिनीनाथ पुटपुटले.

बाईंना तो कबुलीजबाबच वाटला. त्यांनी मांडणीवरची चार सीलबंद खोकी स्वतःच्या हाताने उचलली.

"ती अजून उघडल्याली न्हाईत, बाई."

"म्हणूनच नेते आहे! आणि माझा पेनड्राइव्ह?"

"ऱ्हाऊ द्या दोन दिस. लागतोय अजून."

"ठेवा! तोही पचवा!"

शाळेत पोहोचताच त्यांनी चारही खोक्यांचे सील मुलींच्या हातून फोडून घेतले. टाळ्या वाजल्या. चारही डोंगल जोडले गेले, आणि चारही पडद्यांवर वायफायची खूण राखाडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहक मंचाचा अर्ज पिशवीत घालून बाई दुकानात शिरल्या. गहिनीनाथ जागेवर नव्हते.

"मामा च्या प्यायला गेल्यात," दुरुस्त झालेला मोबाईल न्यायला आलेला कानिफनाथ म्हणाला. "बसा की."

"बसायला आले नाही. माझी वस्तू घेते आणि जाते."

पेनड्राइव्ह आतल्या जुन्या संगणकाला लावलेला होता. पडद्यावर बाईंचेच लिनक्स उघडे होते. शेजारच्या गोणीत सील फोडलेली खोकी गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि गोणीवर एक कागद टाचलेला होता.

कागद बाईंचाच होता; वर त्यांच्याच अक्षरात चिपचे नाव. त्याखाली ओळीने ओढलेल्या सव्वीस फुल्या. सर्वांत शेवटी चार बरोबरच्या खुणा, आणि त्यांच्यापुढे लिहिलेले: 'शाळेची. जोडून पाहिली. चालतात. दुसऱ्याला देऊ नये.'

साहेबांची गाडी यायला अजून तासभर होता, आणि दोनदा लोटून दिलेली ती चार खोकी फळीखाली तशीच होती. उघडणाऱ्या हातांचे कल्याण असो; लोटणाऱ्या हातांचेही असो.