दुसरा फोटो

"अहो, फोटो परत येतोय. तुमचा मेलबॉक्स भरलाय म्हणे. आधी जागा करा, मग दातांचं बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

कवळीवाल्याने हातावरची प्लास्टरची भुकटी झटकली आणि तो कॉम्प्युटरसमोर बसला. गल्ली त्याला याच नावाने ओळखायची. शहरातले दातांचे डॉक्टर त्याला तोंडाचे ठसे आणि फोटो धाडत, तो कवळ्या करून देई. माणूस कधी दिसत नसे. नुसता क्रमांक यायचा आणि दोन फोटो. कामाआधी बोडक्या हिरड्यांचा, कामानंतर हसऱ्या दातांचा.

दुपारची वेळ होती. खिडकीतून आलेल्या उन्हात पांढरी भुकटी तरंगत होती. त्याने एकेक जुना मेल उघडून उडवायला सुरुवात केली. डोळे नाहीत, नाक नाही, नुसती तोंडं. बोळकं यायचं, हसू यायचं, दोन्ही नाहीशी व्हायची. शंभरेक हसू उडवल्यावर त्याला गुंगी आल्यासारखं झालं. आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय, तिथली सगळी माणसं आपल्याकडे बघून हसताहेत, पण ओळख मात्र कुणीच देत नाही, असं त्याला वाटलं.

शेजारच्या खोलीत त्याची आई झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. कवळी काढली की ती अशीच झोपे. जागी असली तर तोंडावर हात धरे. कवळी खिडकीत, पाण्याच्या वाडग्यात होती. त्या वाडग्याकडे तो कधी बघतसुद्धा नसे. नऊ वर्षांपूर्वी आई मावशीकडे राहायला म्हणून गेली आणि महिन्याने परस्पर दात बसवूनच परत आली. मुलगा अख्ख्या शहराला दात देतो आणि आई बाहेरून करून आणते! 'पिकतं तिथे विकत नाही,' असं तो चारचौघांत हसून सांगे, पण मनातून त्याला फार लागलं होतं. आपल्या हातावर भरवसा नसलेली जगात एकच बाई, आणि ती आपली आई. मग जेवताना तो हमखास टोमणा मारी, "खालची कवळी पुढे आलीय तुझी. कुठल्या गवंड्याने केलीय कोण जाणे." आई मुकाट्याने चावत राही.

मेलच्या यादीत एक मेल सगळ्यांत जड निघाला. याच डॉक्टरीणबाईंचा, नऊ वर्षांपूर्वीचा. क्रमांक ४१७. हिरड्यांचे चांगले अकरा फोटो. त्याला आठवलं. काम फार अवघड होतं, खालची हिरडी पार झिजलेली. तीनदा मोडून त्याने ते पुन्हा केलं होतं. दुसरा, हसरा फोटो मात्र आलाच नव्हता. त्याने बरेच दिवस त्याची वाट पाहिली होती.

उडवण्याआधी तो सहज खाली सरकत गेला. अकराव्या फोटोखाली काही ओळी होत्या. फोटो मिळाले की खालचं वाचायची त्याला कधीच सवय नव्हती.

'बाईंचा हट्ट आहे की दात तुमच्याच हातचे हवेत. पण नाव कळवायचं नाही. म्हणतात, त्याच्यासमोर बोळकं उघडायची मला लाज वाटते. हसरा फोटोही पाठवू नका म्हणतात. बघितला तर ओळखेल तो.'

त्याने त्या ओळी दोनदा वाचल्या. मग तो उठला, शेजारच्या खोलीत गेला आणि वाडग्यातली खालची कवळी काढून उजेडात धरली. आपल्या प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला तो सुईने बारीक क्रमांक कोरत असे. इथेही होता. ४१७. सातची शेपटी त्याच्या सवयीप्रमाणे लांब ओढलेली.

गवंडी सापडला होता.

मागे हालचाल झाली. आई उठून बसली होती, तोंडावर हात धरून. त्याच्या हातातली कवळी तिने पाहिली.

"काय रे," ती हाताआडून म्हणाली, "अजून पुढेच आलीय का?"

त्याचे डोळे भरून आले. त्याने कवळी वाडग्यात ठेवली, वाडगा तिच्यापुढे धरला आणि खिशातून फोन काढला.

"चारशे सतराचा हसरा फोटो राहिलाय," तो कसाबसा म्हणाला. "आता जागा झालीय."

आईने वाडग्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. वाडगा तिने हळूच बाजूला सारला.

"असाच काढ," ती म्हणाली, आणि तिने तोंडावरचा हात खाली घेतला.